वाड्यातली उन्हाळी बैठक, माइकशिवाय: नाशकात जमेल का?

सतारवाली_पंचवटी

नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहते, सतार शिकवते. प्रश्न जरा सविस्तर मांडते. दोन ओळींत विचारलं की "चांगला साउंडवाला गाठा" एवढंच उत्तर मिळतं, आणि मला तर साउंडवाल्याशिवाय कसं करायचं हेच विचारायचंय.

तिवंध्याच्या बाजूला माझ्या एका विद्यार्थिनीच्या सासरचा जुना वाडा आहे. दिंडी दरवाजा, देवडी, मधे चौक, भोवती सोपा (ओसरी) आणि माडीवर दिवाणखाना. दिवाणखाना साधारण तीस फूट लांब, सोळा फूट रुंद, उंची दहा-साडेदहा. सागवानी खांब, वर कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत), रस्त्याच्या बाजूला तीन खिडक्या, समोरच्या लांब भिंतीत दिव्यांचे कोनाडे. घरची मंडळी आता कॉलेज रोडला राहतात. वाडा बिल्डरला द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलंय, डागडुजी चालू आहे, आणि सासूबाई स्वतःहून म्हणाल्या की इथे पुन्हा गाणं-बजावणं होऊ दे. वैशाखात, पावसाच्या आधी, रविवार धरून काही बैठका घ्याव्यात असं मनात आहे. साठेक श्रोते, भारतीय बैठक, आणि माइक अजिबात नाही.

वाड्यात काहीतरी करावं हे मनात आधीपासून होतं. माइकशिवाय करायचं हे पक्कं झालं ते ऑस्ट्रियात. मुलगी व्हिएन्नाला असते. जूनमध्ये तिच्याकडे होते तेव्हा तिने साल्झबुर्गला मिराबेल राजवाड्यात नेलं. राजवाडा मूळचा १६०६ सालचा. त्याच्या संगमरवरी दालनात लहानपणी मोझार्ट, त्याची बहीण आणि वडील वाजवून गेलेत. रात्री आठचा कार्यक्रम, पण बाहेर नऊपर्यंत उजेड, खिडकीतून बाग दिसत होती. चारच वादक: दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. पहिलं व्हायोलिन वाजवणाऱ्या बाईंनी गज उचलला आणि नाकाने श्वास घेतला, तो मला तिसऱ्या रांगेत ऐकू आला. बाकीच्या तिघांनी त्या श्वासावरच सुरुवात केली. गज तारेला टेकतानाची बारीकशी खरखर, आणि लगेच त्यातून स्वर निघाला. दालनात एकही स्पीकर नव्हता.

मी इतकी वर्षं सतार वाजवते, पण माझ्या वाद्याचा असा आवाज श्रोत्यांपर्यंत गेलाय का, हा प्रश्न तेव्हापासून सुटत नाही. मिझराबीचा, म्हणजे बोटातल्या नखीचा, आघात झाला की मागे तरफा, म्हणजे मुख्य तारांखालच्या आपोआप झंकारणाऱ्या तारा, बोलत राहतात. मींड (एका स्वरातून दुसऱ्यात सलग सरकणं) उतरते तेव्हा बोटाखाली तार सरकल्याचा हलका आवाज येतो. आलापात दोन स्वरांच्या मधल्या जागेत तंबोरा भरून येतो. घरी रियाजात हे सगळं ऐकू येतं. सभागृहात ठळक तेवढं पुढे जातं, बारीक मागे राहतं, आणि मग आपणही नकळत ठळकच वाजवायला लागतो. माझ्या विद्यार्थ्यांमध्ये हे मला स्पष्ट दिसतं. आलाप कसाबसा उरकायचा आणि 'झाल्या'कडे, म्हणजे शेवटच्या जलद भागाकडे, धाव घ्यायची.

मुलीने आयझेनश्टाटलाही नेलं, एस्टरहाझी घराण्याच्या राजवाड्यात. संगीतकार हायडन १७६१ साली या घराण्याच्या चाकरीत आला आणि १७९० पर्यंत त्यांच्यासाठी लिहीत-वाजवत राहिला. त्याचा धनी निकोलाउस स्वतः बारिटोन नावाचं वाद्य वाजवायचा. ते मी तिथे पहिल्यांदा समजून घेतलं आणि हरखून गेले, कारण त्याला तरफा असतात! गजाने वाजवायच्या तारा पुढे, धातूच्या तरफा मानेच्या मागे, आणि डाव्या अंगठ्याने त्या छेडताही येतात. धन्याच्या या एका वाद्यासाठी हायडनने सव्वाशेच्या घरात त्रयी लिहिल्या: बारिटोन, व्हायोला आणि चेलो. एवढं सगळं एका दालनात, मोजक्या माणसांसाठी. तिथल्या मोठ्या दालनाची दगडी जमीन हायडनने लाकडाने झाकून घेतली, आवाज नीट यावा म्हणून, असं तिथे सांगतात.

आपल्याकडे लाकूड आधीच आहे. म्हणून विचारते:

माइकशिवाय साठ माणसांना सतार नीट ऐकू जाईल का? तबला तिला झाकणार नाही ना? वैशाखात पंख्याशिवाय लोक बसतील का, आणि पंखा लावला तर त्याच्या घरघरीचं काय? सकाळ बरी की संध्याकाळ? आणि अशा जुन्या माडीवर साठ माणसं बसवावीत का? ज्यांनी प्रत्यक्ष काही केलंय त्यांनी जरूर लिहा.

नाशिककर_७२

ताई, कल्पना सुंदर आहे. पण माइक अजिबात नको हा हट्ट सोडा असं सांगेन. अशा बैठकांना येणारा श्रोता साठीच्या पुढचा असतो. माझ्यासारख्या कमी ऐकू येणाऱ्यांना मागे बसून आलाप कळणार नाही, आणि आम्ही पुढे सरकायला लाजतो. शिवाय खाली गल्लीत रिक्षा, भाजीवाले, लग्नसराईत एखादी वरात. तंबोऱ्याला आणि सतारीला एकेक माइक, आवाज अगदी बेताचा, कोपऱ्यात दोन लहान बॉक्स. कुणाला कळणारही नाही.

उकाड्याचं म्हणाल तर नाशिककर मे महिन्यात संध्याकाळी घराबाहेर पडतोच. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला लोक पटांगणात महिनाभर येऊन बसतात. तिथे नदीकडून वारा असतो हे खरं. माडीवर तसं होणार नाही. कुसुमाग्रज स्मारकात एखादं दालन बघितलंत का? ए.सी. आहे, पार्किंग आहे.

कडीपाट

मी सिव्हिलवाला आहे, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, आणि थोडं गाणंही शिकलोय. आधी माडीचं बोलतो.

साठ माणसं म्हणजे साडेतीन-चार हजार किलो, आणि मध्यंतरात ती सगळी एकदम उठतात, दाराकडे जातात. लाकूड मधे सहसा बिघडत नाही. बिघडतं ते टोकाला, जिथे तुळई भिंतीत शिरते. तिथे ओल धरते, वाळवी लागते, आणि वरून रंग दिलेला असल्यामुळे काही दिसत नाही. प्रत्येक तुळईचं टोक लाकडी हातोडीने ठोकून बघा. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आला तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर त्या माडीवर बैठक नको. डागडुजी चालूच आहे, तेव्हा जाणकार इंजिनिअरकडून लेखी घ्या. जिना अरुंद असेल तर एकाच वेळी किती माणसं उतरतील याचाही विचार करा. हे झाल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका, ताई. अगदी कळकळीने सांगतो.

आता आवाज. तुमचा दिवाणखाना तीस गुणिले सोळा गुणिले साडेदहा, म्हणजे पाच हजार घनफूट, साधारण एकशे चाळीस घनमीटर. एवढ्या जागेत साठ माणसं बसली की आवाज खाणारी मोठी गोष्ट माणसंच असतात: कपडे, अंग, सगळं. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे घुमारा, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, पाऊण सेकंदाच्याही खाली येईल. युरोपात चार-पाच वाद्यांच्या संगीतासाठी जी दालनं चांगली मानतात तिथे हा आकडा सव्वा ते दीड सेकंदाच्या आसपास असतो. उंच छत, दगड, गिलावा. गजाच्या वाद्याला ते मानवतं, कारण एक स्वर दुसऱ्यात मिसळत जातो. त्याच दालनात द्रुत लयीतला तबला ठेवलात तर तिहाईचे (तीनदा वाजवायच्या तुकड्याचे) बोल एकमेकांवर चढतील. सतार, सरोद, तबला, पखवाज यांना कोरडी खोली हवी, आणि वाड्याचा दिवाणखाना तशीच आहे. कडीपाटाच्या कड्या पुढे-मागे असल्यामुळे आवाज छताला आपटून सरळ परत येत नाही, विखुरतो. जिप्समचं सपाट छत हे करत नाही.

म्हणून एक सूचना. तालमीला रिकाम्या खोलीत टाळी वाजवाल तेव्हा घुमेल. घाबरून भिंतींना जाड पडदे लावू नका, गालिचे अंथरू नका. एक सतरंजी किंवा जाजम पुरे. लोक आले की तो घुमारा आपोआप कमी होतो. आधीच पडदे लावलेत तर मग आवाज मरेल, आणि माइकची गरज खरोखरच पडेल.

बसायची जागा: कलाकार खोलीच्या टोकाला बसवतात, तसं करू नका. लांब भिंतीच्या मधोमध बसवा, कोनाड्यांकडे पाठ करून. रुंदी सोळाच फूट आहे, म्हणजे समोरची शेवटची रांग जेमतेम बारा-तेरा फुटांवर येते, आणि कोपऱ्यातला माणूसही अठरा-वीस फुटांच्या आत. टोकाला बसवलंत तर शेवटचा माणूस पंचवीस फुटांपलीकडे जातो. पाठीमागची भिंत आवाज पुढे ढकलते ते वेगळंच. ७२ साहेबांसारख्यांसाठी पहिल्या रांगेत आणि दोन्ही बाजूंना खुर्च्या ठेवा, नावाने. मग लाजायचं कारण उरत नाही.

चौकात उघड्यावर करायचा मोह होईल. चांदण्यात दिसायला फार छान, पण आवाज वर निघून जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. सहा फुटांवर जी सतार ऐकू येते ती चोवीस फुटांवर बारा डेसिबलने कमी. गप्पांना चौक, वादनाला दिवाणखाना.

ठेका

तबलावादक आहे, नाशिक रोडला राहतो. पंखा-कूलरबद्दल लिहितो, कारण आमची सगळ्यात मोठी अडचण तीच.

कोरड्या उन्हात चामडं ताणलं जातं, तबला चढतो. कूलरची ओली हवा लागली की उतरतो. एकाच बैठकीत कूलर चालू-बंद करत राहिलात तर मी हातोडीच मारत बसेन. सतारीचंही तेच, तारा आणि लाकूड दोन्ही हलतात. तर कूलर, वाळ्याचे पडदे, पाणी शिंपडणं जे काय असेल ते लोक यायच्या आधी. बैठकीच्या अर्धा-पाऊण तास आधी सगळं बंद. आम्हाला तास-दीड तास आधी बोलवा आणि वाद्यं त्याच खोलीत गवसणीतून काढून ठेवा, म्हणजे खोलीची हवा त्यांना लागेल. छताचे पंखे अगदी मंद, आणि तेसुद्धा आलाप-जोड, म्हणजे तबल्याच्या आधीचा भाग, चालू असताना नकोत. जुन्या पंख्याचं बेअरिंग वाजत असेल तर आठवड्याआधी मेकॅनिकला बोलवा.

तबला सतारीला झाकेल का? झाकेल, जर वाजवणारा रोजच्या सवयीने वाजवेल तर. स्टेजवर आमच्यासमोर मॉनिटर (कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर) असतो, त्यातून सतार मोठी ऐकू येते, त्या मानाने आमचाही हात मोठा होतो. इथे मॉनिटर नाही. मी एक खूण धरतो: सतारीच्या तरफा मला ऐकू येत असतील तर माझा हात बरोबर आहे. तरफा गेल्या तर मी जास्त वाजवतोय. ठेका असा वाजवणं सोपं नाही, बोटं आवरून धरावी लागतात, पण त्यातली मजा मोठ्या हॉलमध्ये मिळत नाही. तबलावादक ठरवताना हे त्यांच्याशी आधी स्पष्ट बोला आणि सतारीबरोबर निदान एक तालीम त्याच खोलीत होऊ द्या.

आणि पाटाचं व्यासपीठ करणार असाल तर आतून पोकळ नको. डग्गा त्यावर ठेवला की सगळं व्यासपीठ घुमतं. सरळ जमिनीवर गादी घाला.

जुना_श्रोता

ताई, वेळेबद्दल लिहितो. बाकी जाणकारांनी सांगितलंच आहे.

नाशकात मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. आपले संध्याकाळचे कार्यक्रम साडेसात, आठ, प्रमुख पाहुणे धरून साडेआठ. परिणाम असा की श्री, पूरिया धनाश्री, मारवा हे संधिप्रकाशाचे राग त्यांच्या वेळी ऐकायला मिळतच नाहीत. बाहेर अंधार पडलेला, आत ट्यूबलाइट, आणि कलाकार सुरुवातच यमनने करतो. तुमच्या दिवाणखान्याला रस्त्याकडे तीन खिडक्या आहेत म्हणता. सव्वासहाला सुरू करा. खिडक्या उघड्या ठेवा, विजेचा दिवा लावू नका. श्री रागाचा आलाप चालू असताना खोलीतला उजेड उतरू दे. मग कोनाड्यांत दिवे लावा आणि पुढचा राग येऊ दे. युरोपातल्या त्या राजवाड्यात नऊपर्यंतचा उजेड तुम्हाला आवडला ना? आपल्या रागांना तर वेळ बांधूनच दिलेली आहे.

दुसरी बैठक सकाळची घ्या. साडेआठला तोडी, चहा, आणि साडेदहा-अकराला सारंग. वृंदावनी नको असेल तर शुद्ध सारंग. सारंग हा उन्हाचा राग, आणि तो उन्हात, जाड भिंतींच्या गार खोलीत बसून ऐकायची संधी आता कुणालाच मिळत नाही. गायन असेल आणि एखादी बैठक वैशाखाआधी, चैत्र संपायच्या आत, घेता आली तर चैती म्हणायला लावा. एकदा चैत्र उलटला की ती पुढल्या वर्षावर जाते.

पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. तिकीट लावा, संकोच नको. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी दरबाराच्या आश्रयाबाहेर पडून तिकीट लावून जाहीर जलसे केले आणि सामान्य माणसासाठी गाण्याची दारं उघडली. त्याच पलुस्करांनी पुढे १९२० च्या दशकात आपल्या पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला. तुम्ही पंचवटीच्या, तुम्हाला हे जास्त ठाऊक असेल. राजवाड्यातल्या संगीताला धनी एक असायचा, इथे साठ असतील. कलाकाराला आधी ठरलेलं मानधन आधी द्या आणि उरलं तर वाड्याच्या दुरुस्तीला.

नाशिककर_७२

कडीपाट यांचं पटलं. लांब भिंतीकडे पाठ करून बसवणार असाल आणि खुर्ची नक्की मिळणार असेल तर माइकचा आग्रह मागे घेतो. पण गल्लीच्या आवाजाचं काय? सराफ बाजाराकडे जाणारी वर्दळ संध्याकाळी सहा-सातला अगदी जोरात असते. नेमकी जुना_श्रोता यांची श्री रागाची वेळ.

सतारवाली_पंचवटी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल विद्यार्थिनीच्या सासऱ्यांबरोबर वाड्यात जाऊन आले. तुळयांची टोकं हातोडीने वाजवून बघितली. रस्त्याकडच्या भिंतीतली दोन टोकं बद्द वाजतात. कडीपाट, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही वरच्या रंगावर विश्वास ठेवून बसलो असतो. सासरे म्हणाले, ती दुरुस्ती आधी. इंजिनिअर या आठवड्यात येतायत. माडी या वैशाखात तयार झाली नाही तर खालचा सोपा घ्यायचा. तो तिन्ही बाजूंनी बंद आहे, फक्त चौकाकडे उघडा, आणि खणांचं माप माडीसारखंच. तिथेही लांब भिंतीला पाठ करूनच बसायचं. चाळीसच माणसं मावतील, तर चाळीस.

आवाजाची तपासणीही केली. मी भिंतीपाशी बसून यमनचा आलाप वाजवला, विद्यार्थिनी प्रत्येक कोपऱ्यात बसून आली. दाराजवळच्या कोपऱ्यात खर्ज, म्हणजे खालचे स्वर, थोडा दबतो, बाकी सगळीकडे तरफा स्पष्ट. ती म्हणाली, "बाई, तुमचं मिझराब बदलायला झालंय, ऐकू येतंय." मला त्याचा इतका आनंद झाला! मिझराबाची झीज खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते म्हणजे बाकीचं सगळंच ऐकू जाणार.

७२ काका, गल्लीच्या आवाजाचं तुमचं म्हणणं खरं आहे. संध्याकाळी सहा ते आठ खिडक्यांखाली हॉर्न थांबत नाहीत. सोप्यात बसलं तर देवडी आणि पुढची खोली मधे येते, तिथे आवाज निम्म्याहून कमी होतो हे काल कळलं. म्हणून मी असं ठरवतेय: संध्याकाळची श्री रागाची बैठक खाली सोप्यात, चौकातून उजेड येईलच. सकाळची तोडी आणि सारंगची बैठक माडीवर, दुरुस्ती झाल्यावर. रविवारी सकाळी गल्ली शांत असते.

तुमची खुर्ची पहिल्या रांगेत उजवीकडे, तबल्याच्या नाही, सतारीच्या बाजूला.

ठेका, तुम्ही नाशिक रोडचे, आणि तरफा ऐकत वाजवणारा तबलावादक मला हवाच आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय. मानधन आणि तालमीचा दिवस दोन्ही त्यात लिहिलंय, बघून कळवा.